धुरक्याचा मोसम आणि आळशी भाषा

दिल्लीत हा मोसम आधी घशाला कळतो, मग डोळ्यांना आणि सगळ्यांत शेवटी सरकारला. यंदाही दिवाळीच्या माळा उतरवायच्या आत घशात ती ओळखीची खरखर आली. सकाळी बाल्कनीत गेले तर समोरचा कडुनिंब जागेवर होता, पण कुणीतरी त्याच्यावर ट्रेसिंग पेपर पसरल्यासारखा. सूर्य उगवल्याचं घड्याळावरून कळलं. खाली आमच्या सरकारी वसाहतीतले निवृत्त अंडर सेक्रेटरी नेहमीसारखे भराभर फेऱ्या मारत होते आणि मधूनमधून थांबून खोकत होते. चालणं तब्येतीला चांगलं असतं.

जळलेल्या काडाचा, डिझेलचा, फटाक्यांच्या दारूचा असा तो एक मिश्र वास असतो. या वासाने कुणाला काय आठवत असेल, सांगता येत नाही. मला गोल कंस आठवतात. शेकड्यांनी. कंसमामाचा विनोद आमच्या ऑफिसातल्या प्रत्येक मराठी माणसाने एकदा करून झाला होता, म्हणून तो इथे सोडून देते.

काही वर्षांपूर्वी मी गुरुग्रामच्या एका काचेच्या टॉवरमध्ये नोकरीला होते. आमची कंपनी हवेची बातमी विकायची. शाळा आणि मोठ्या सोसायट्या वर्गणीदार. हवा फार वाईट असेल त्या दिवशी सकाळी पालकांच्या आणि शिक्षकांच्या फोनवर लाल निरोप जायचा: आज मैदान बंद, मुलांना आत ठेवा. हवा बरी असेल तर निरोप नाही. कल्पना साधी होती आणि, मला अजूनही वाटतं, चांगली होती. तिला एखादी साधी भाषा पुरली असती. आमच्याकडे लिस्प होती.

लिस्प म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या भाषांचं एक जुनं घराणं. गाण्यातल्या घराण्यांसारखंच याचंही आहे. शाखा बऱ्याच, श्रोते मोजके, आणि नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावणारे शिष्य. आमच्याकडचे बुवा म्हणजे चीफ आर्किटेक्ट विक्रांत सर. हा माणूस साध्या चौकशीलाही प्रवचनाने उत्तर द्यायचा. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "देखिए, ये लैंग्वेज सीखी नहीं जाती. एक दिन अंदर से खुलती है." मी म्हटलं, तोवर पगार चालू राहील ना? तो हसला नाही. साक्षात्काराच्या वाटेवरची माणसं सहसा हसत नाहीत.

या भाषेत दोन आणि तीन यांची बेरीज करायची तर आधी कंस उघडायचा, मग अधिकचं चिन्ह, मग दोन, मग तीन, मग कंस बंद. म्हणजे काय करायचं ते आधी आणि कशाचं करायचं ते मागून. आम्ही मराठी माणसं क्रियापदासाठी वाक्याच्या टोकापर्यंत धीर धरणारी. मला सवय व्हायला आठवडे लागले. बरं, एकात एक उघडलेले सगळे कंस शेवटी एकदम बंद होतात. लग्नाच्या पंगतीबाहेर चपलांचा ढीग पडतो तसा ओळीच्या शेवटी त्यांचा ढीग. एक कमी पडला तर सगळी पंगत अडते. त्यावर उपाय म्हणून ओळी लिहायचं एक एडिटर नावाचं साधन होतं, ते कंस एकटा पुसूच द्यायचं नाही. आपण पुसायला जावं, त्याने दुसराही सरकवावा. चूक करायचंसुद्धा स्वातंत्र्य नाही, असं मी एकदा वैतागून म्हटलं, तर विक्रांत सरांनी त्याला शिस्त म्हणतात असं सांगितलं.

कंस निभावले असते. खरा त्रास वेगळा होता. या घराण्यात तुम्हाला भाषेलाच नवे शब्द जोडता येतात, आणि ज्याला जोडता येतात तो जोडत सुटतो. विक्रांत सरांनी इतके जोडले होते की भाषा वरून लिस्प दिसायची, पण आतून ती विक्रांत झाली होती. बाजारातली पुस्तकं तिच्या दाराशी येऊन थांबायची. काही मोडलं की पडद्यावर चूक कुठून आली त्याचा माग उमटायचा, लांबलचक. त्यात आम्ही लिहिलेली एक ओळ सोडून जगातल्या सगळ्या ओळी असायच्या.

आणि यात माझं काय अडलं होतं, तर माझी मुलगी.

मुक्ता तेव्हा सातवीत होती. धावायची. चांगली धावायची, हे मी आई म्हणून सांगत नाही, तिचे खेळाचे मास्तर डागर सर सांगायचे. नोव्हेंबरच्या शेवटी शाळेत हाउसांच्या शर्यती असायच्या आणि ती दिवाळीपासून त्यांतच बुडालेली. पण तिला लहानपणापासून दमा. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, एरवी खुशाल धावू दे, हवा वाईट असेल त्या दिवशी मात्र अजिबात नाही. दिल्लीत वाढलेल्या मुलीला 'धाप' हा शब्द येत नव्हता. ती म्हणायची, "आई, यार, साँस फुलतेय." शब्द नसला म्हणून धाप अडत नाही.

एकदोनदा मी तिला डागर सरांना चिठ्ठी देऊन मैदानाबाहेर बसवलं. तिने घरी येऊन खोलीचं दार लावून घेतलं. सगळा वर्ग धावतोय आणि आपण एकट्या बाकावर दप्तरं राखत बसलोय, हे तिला दम्यापेक्षा जड जात होतं. मला ते कळत होतं. म्हणून तर आमच्या कंपनीचा लाल निरोप मला हवा होता. निरोप आला की सगळेच आत. मग मुक्ता कुणी वेगळी नाही, आणि नाही म्हणणारी खाष्ट बाई मी नाही.

शाळा आमची वर्गणीदार होती. हवा दररोज वाईट होती. निरोप येत नव्हता.

"आज मैदानावर होतात?" मी विचारायची.

"हो. डागर सर म्हणाले, मेसेज नहीं आया मतलब हवा ठीक है, चलो, वॉर्म-अप." आणि जिन्याच्या कठड्याला धरून ती उभी. खांदे वर-खाली. दम्याचा पंप कुठल्या खिशात आहे ते शोधणारे हात.

मी डागर सरांना फोन केला. त्यांनी फार नम्रपणे सांगितलं, "मैडम, मैं तो आप ही की कंपनी का मेसेज देखता हूँ."

जुन्या लिस्पमध्ये रिकामी यादी, नकार आणि काहीच नसणं या तिन्ही गोष्टी एकच मानतात. आमच्या शाखेत त्या वेगळ्या, आणि त्या वेगळेपणावर विक्रांत सर तासभर बोलू शकत. कधी कधी बोलतही. डागर सर मात्र जुन्या वळणाचे निघाले. निरोप नाही याचा अर्थ धोका नाही, हे त्यांनी धरून टाकलं होतं. त्यांना दोष कसा द्यावा? आम्हीच तसं शिकवलं होतं.

ऑफिसात ही तक्रार माझ्याआधी एकीने केलेली होती. फरहाना शेख, आमची टेस्टर, मूळची लातूरची. दिल्लीला आली होती कलेक्टर व्हायला. परीक्षेने तिला मुलाखतीपर्यंत नेऊन परत पाठवलं, तेव्हा इकडे लागली. म्हणायची, "ताई, तिथे ते माझ्यात चुका काढायचे, इथे मी यांच्यात काढते. फरक एवढाच की इथे पगार मिळतो." तिने दिवाळीपासून लावून धरलं होतं की निरोप पालकांपर्यंत जात नाहीत. प्रत्येक वेळी विक्रांत सर तिला आपल्या टेबलाशी बोलवायचे. त्या भाषेत एक खिडकी असते. आपण एक ओळ लिहायची, खिडकी ती लगेच करून दाखवते आणि उत्तर छापते. सर तिथे निरोप पाठवायची ओळ लिहायचे, चाचणीसाठी आमच्या ऑफिसच्याच फोनांची यादी द्यायचे, आणि हॉलभर टिंग टिंग सुरू व्हायचं.

"देखो. आ गया ना?"

"सर, यहाँ आता है. वहाँ नहीं आता."

"मुझे तो रोज़ सुबह आता है, फरहाना."

ते खरं होतं. त्यांना रोज यायचा. रोजच्या नोंदीतही 'निरोप पाठवले' अशी ओळ पडत होती. दिल्लीत राहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. ज्याच्या घरी पाणी येतं तो पाणी नसल्याची तक्रार ऐकून घेत असतो. फरहानाची तक्रार बंद व्हायची, शेरा पडायचा की आमच्याकडे चालतंय, आणि ती जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून म्हणायची, "मी वेडी आहे का, ताई? एकदा सांगून टाका, म्हणजे मी गावाला जाते."

मी वेडी आहे का, हा प्रश्न या भाषा माणसाला फार लवकर विचारायला लावतात. बघायला गेलं की चालतं, पाठ फिरवली की बंद. दाखवायची सोय नाही, कारण दाखवायला घेतलं की ते चालतंच. मी त्या दिवसांत मेट्रोने जाता-येता छापील कागदांवर त्या ओळी वाचत असे. शेजारची माणसं मास्कच्या वरून कागदाकडे बघायची. एकदा एका काकांनी विचारलं, "बेटा, संस्कृत है क्या?" मी हो म्हटलं.

एका दुपारी, हवा शुद्ध करणारं यंत्र घरघरत असताना, मी कंटाळून त्या खिडकीत तीच ओळ लिहिली, पण तिच्या निकालाला नुसतं एक नाव देऊन ठेवलं. पुढे वापरता यावं म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. फरहाना समोर बसली होती. तिचा फोन टेबलावर होता. वाजला नाही. कुणाचाच वाजला नाही.

"ताई, पाठवलंत ना?"

"पाठवलं."

आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. मग मी खिडकीत ते नाव तेवढं लिहिलं, म्हणजे निकाल काय आहे ते दाखव म्हणून, आणि एंटर दाबलं. हॉलभर टिंग टिंग.

फरहाना हळूच म्हणाली, "या अल्ला, हे बघितल्याशिवाय काम करत नाही."

अगदी तेच होतं. आमच्या या शाखेत यादीवर एखादं काम सोपवलं की ते लगेच होत नाही. भाषा फक्त वचन देते: निकाल मागाल तेव्हा करीन. याला ते लोक आळस म्हणतात आणि तो गुण समजतात. मोठाल्या याद्यांचा हिशेब असेल तर तो गुण आहेही, नको असलेलं काम वाचतं. पण निरोप पाठवणं हा हिशेब नव्हे. त्याचा निकाल कुणालाच नको असतो, निरोप तेवढा जायला हवा असतो. विक्रांत सरांच्या खिडकीला निकाल छापायचा असायचा, म्हणून ती यादी शेवटापर्यंत मागायची, म्हणून सगळे फोन वाजायचे. पहाटे यंत्र एकटं असायचं. मागणारं कुणी नाही. वचन तिथेच पडून.

मग सरांना रोज कसा यायचा? तेही निघालं. यादी रिकामी तर नाही ना, एवढंच आमचा प्रोग्रॅम पहाटे वाकून बघत होता, नोंद टाकण्यापुरतं. त्यासाठी पहिलं नाव पुरतं. पण ही भाषा चमच्याने वाढत नाही, पळीने वाढते. एक मागा, ती पहिली तीसेक नावं उरकून मोकळी होते. यादीच्या डोक्यावर चाचणीसाठी सरांनी स्वतःला आणि कंपनीच्या वरिष्ठांना घातलं होतं. त्यांच्यापुरती पळी रोज भरत होती. पालक आणि डागर सर त्यांच्या खूप खाली.

संध्याकाळी हे मी घरी सांगितलं. समीर, माझा नवरा, एका मंत्रालयात आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यात नवीन काय? वरून कुणी विचारल्याशिवाय फाइल हलत नाही. आणि वरच्यांची हलतेच." मी एवढे आठवडे पुस्तकं चाळली, आणि उत्तर डायनिंग टेबलावर मटार सोलत बसलं होतं.

दुरुस्ती एका शब्दाची होती. आळशी शब्द काढायचा, त्या जागी कामाचा शब्द घालायचा. फरहानाने आणि मी ती करून दाखवली. विक्रांत सरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "टेक्निकली ये बग नहीं है. लेज़ीनेस इस लैंग्वेज की ब्यूटी है. आप लोगों को ब्यूटी का कॉन्टेक्स्ट समझना होगा."

"सर," फरहाना म्हणाली, "ब्यूटी को बोलिए मेसेज भेज दे."

त्यांनी शब्द बदलू दिला. कंपनीभर पत्र गेलं की निरोपसेवेची कार्यक्षमता वाढवण्यात आली आहे. फरहानाचं नाव त्यात नव्हतं, माझंही नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता दात घासत असताना माझा फोन वाजला, समीरचा वाजला, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा वाजला. लाल. मैदान बंद. त्या आठवड्यात मुक्ता एकदाही धापा टाकत घरी आली नाही. सगळे वर्गात बसून कॅरम खेळले. ती कुरकुरली, पण सगळ्यांबरोबर कुरकुरली.

माझी त्या हिवाळ्यातली शांतता म्हणाल तर एवढा एक आठवडा.

कारण निरोप रोज लाल जायला लागला. हवाच तशी होती. इतके दिवस आमच्या वर्गणीदारांना एक सुखाची गोष्ट मिळत होती, गप्प बसणारा पहारेकरी, आणि ती आम्ही काढून घेतली होती. फोन सुरू झाले. सोसायट्यांच्या सेक्रेटरींना घरांच्या भावाची काळजी. शाळांना शर्यतींची. डागर सर मला म्हणाले, "मैडम, रोज़ लाल आएगा तो बच्चे दौड़ेंगे कब? मार्च में?" माणूस खोटं बोलत नव्हता.

आणि इथे त्या घराण्याचा सगळ्यांत मोठा अभिमान कामाला आला. लिस्पमध्ये नियम आणि माहिती एकाच मातीचे. नियम म्हणजेही एक यादी, कंसातली. बाहेरून आलेली यादी यंत्र नियम म्हणून गिळू शकतं, आणि तेही चालू असताना, एक क्षण न थांबता. हवा कितीच्या वर गेली की लाल म्हणायचं, हा आमचा नियम तसाच होता. विक्रांत सरांनी वर्गणीदारांना सांगितलं, तुमचा नियम तुम्ही ठरवा. शाळेने ठरवला, लालचा आकडा बराच वर नेऊन. सरांनी तो मीटिंगमध्ये चहा पिता पिता आत सोडला. "देखा? नो रीस्टार्ट. दूसरी लैंग्वेज में हफ़्ता लगता." चेहरा अगदी समाधी उतरल्यासारखा. शिवाय त्यांनी आपल्याकडून एक भर घातली. नुसतं वाईट काय सांगायचं, चांगलंही सांगू. हवा ठीक असेल तर आता हिरवा निरोप जाणार होता.

मी म्हटलं, "सर, हवा तर तीच आहे."

"हवा क्लाइंट की है," सर म्हणाले. "प्लॅटफ़ॉर्म हमारा है."

फरहानाने या वेळी तक्रार नोंदवली नाही. म्हणाली, "काय लिहू, ताई? निरोप पोचतो. वेळेवर पोचतो. सगळ्यांना पोचतो. मी टेस्टर आहे, माझं म्हणणं काहीच नाही."

पुढच्याच वर्षी मी ती नोकरी सोडली. आता जिथे आहे तिथली भाषा इतकी साधी आहे की तिच्याबद्दल कुणी प्रवचन करत नाही. मुक्ता आता माझ्याहून उंच आहे, धावायचं की नाही ते तिचं ती ठरवते, मला विचारत नाही. पण हा वास आला की त्या शर्यतींची सकाळ येते.

शनिवार होता. बाल्कनीतून कडुनिंब दिसत नव्हता. मुक्ता हाउसचा पिवळा टी-शर्ट घालून सोफ्याच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. फोन वाजले, तिघांचेही.

"आई, ग्रीन आलाय," ती म्हणाली. "मैदान खुला है, बेस्ट ऑफ लक. तुमच्याच ऑफिसचा आहे."

"बघितला."

"मग बाबांना सांग ना गाडी काढायला. उशीर होतोय."

"जायचं नाही, मुक्ता."

ती नाडी हातात धरून थांबली. "का? ग्रीन आहे."

"खोटा आहे तो."

"पण तो तर तूच ठीक केलास ना? तूच सांगितलंस बाबांना. आता बरोबर जातो म्हणून."

"हो."

"मग?"

यंत्राने निरोप का धाडला नाही ते मी तिला नीट समजावू शकले असते. धाडलेला निरोप खोटा का, हे कसं समजावायचं ते मला येत नव्हतं. समीर गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि किल्ली परत खुंटीला लावली. मुक्ताने ते पाहिलं. ती रडली नाही. तिने माझा फोन उचलला आणि डागर सरांना स्वतःच लिहिलं, "मुक्ता की मम्मी नहीं भेज रहीं." मला विचारलंही नाही. मग बूट तसेच पायात ठेवून बसून राहिली, जणू अजून काही बदलेल.

उत्तर यायला वेळ लागला नाही. तिने ते मला मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचून दाखवलं.

"कोई बात नहीं, मैडम. बाकी सब बच्चे आ गए हैं."